वणवा कोण विझवणार?

८ एप्रिल २०२१. भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात, नागझिराच्या जंगलात वणवा पेटला होता. तो विझवायला गेलेले तीन हंगामी वनमजूर आगीच्या वेढ्यात सापडून मरण पावले. दोघे भाजून जखमी झाले. ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे होते. रोज मृत्यूंचे आकडे छापले जात होते, त्या गर्दीत ही तीन माणसे लवकरच दिसेनाशी झाली.

वणव्याची बातमी आली की आपण एकच प्रश्न विचारतो : आग कोणी लावली? त्याचे उत्तरही ठरलेले असते. मोहफुले वेचणाऱ्यांनी, तेंदूपाने तोडणाऱ्यांनी, गुराख्यांनी, कोणा बेफिकीर विडी ओढणाऱ्याने. दुसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ती आग विझवायला कोण गेले होते? कोणत्या मजुरीवर, हातात काय घेऊन? आणि आसपासच्या गावांतील माणसे त्या वेळी कोठे होती? विदर्भातील वणव्यांचे खरे दुखणे पहिल्या प्रश्नात नसून या दुसऱ्या प्रश्नात आहे, असे माझे मत आहे. त्या मताची तपासणी करण्यासाठीच हा लेख.

पाचोळ्याचा हंगाम

वनखात्याच्या दप्तरी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा साफ करायच्या, त्यांवरील गवत कापून नियंत्रित रीतीने जाळून टाकायचे, हंगामी मजूर नेमायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. ज्यांनी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट हा भाग फक्त पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना मार्चमधले जंगल ओळखू येणार नाही. साग, ऐन, धावडा, बीजा यांची पाने झडलेली असतात. पळस तेवढा फुललेला असतो. खाली पाचोळ्याचा जाड थर असतो आणि त्यावरून चालताना प्रत्येक पावलाला कुरकुर आवाज येतो. या थराला एक काडी पुरते.

दूरचित्रवाणीवर कॅलिफोर्नियाचे किंवा ऑस्ट्रेलियाचे वणवे पाहून आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र तयार झालेले असते. शेंड्यापर्यंत पेटलेली झाडे, जळणारी घरे, पळणारी माणसे. आपल्याकडची आग बहुधा तशी नसते. ती जमिनीलगत चालते. ज्वाळा गुडघ्याएवढ्या, कधी कमरेएवढ्या. वारा नसेल तर ती सावकाश पुढे सरकते, उतारावर वरच्या दिशेने धावते, नाल्याशी किंवा रस्त्याशी येऊन थांबते. रात्री दूरच्या डोंगरावर तिची माळ दिसते. जुलैमध्ये त्याच जागी पुन्हा हिरवे दिसू लागते. म्हणून 'हजारो हेक्टर जंगल खाक' हा मथळा जसा दिशाभूल करतो, तसाच 'फक्त पाचोळा जळाला, झाडांचे नुकसान नाही' हा सरकारी खुलासाही दिशाभूल करतो.

नुकसान होते ते खाली, जेथे आपले लक्ष नसते. मोठ्या झाडाची साल जाड असते, ते तगते. बियांतून नुकतेच वर आलेले वीतभर रोपटे तगत नाही. एखाद्या वर्षी आग लागली तर काही बिघडत नाही. पण दरवर्षी त्याच जागी लागली, तर त्या जंगलात नवी पिढी उभीच राहत नाही. वरून पाहावे तर जंगल भरलेले, खाली पाहावे तर लेकरे नसलेले गाव. जी झाडे जळूनही मुळापासून पुन्हा फुटतात, म्हणजे साग, तेंदू, पळस, ती टिकतात. ज्यांना ते साधत नाही ती हळूहळू कमी होत जातात. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे, कासवे यांना तर पळायला जागाच नसते. आणि पाचोळ्याचे पांघरूण गेलेल्या उघड्या मातीवर पहिला वळीव कोसळला, की वरचा कसदार थर नाल्यांतून वाहत वैनगंगेकडे आणि इंद्रावतीकडे जातो. या नुकसानीचा पंचनामा होत नाही, कारण त्यात जळालेला ओंडका मोजता येत नाही.

काडी कोणाची?

आता त्या पहिल्या, नेहमीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे वीज पडून आग लागण्याचे प्रसंग थोडे. मध्य भारतातले वणवे बहुतेक माणसांच्या हातून लागतात, काही हेतूने आणि काही निष्काळजीपणाने. हे मान्य केले पाहिजे. आदिवासींविषयीच्या आस्थेपोटी ते नाकारण्याचे कारण नाही. पण माणूस आग का लावतो, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळून पडतात. ती पाचोळ्यात पडली तर वेचता येत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा साफ करायची. झाडून साफ करायला अर्धा दिवस जातो. पेटवून साफ करायला काही मिनिटे पुरतात. झाडाखाली लावलेली आग झाडाखालीच थांबली तर प्रश्न नाही, पण दुपारच्या वाऱ्याला हे सांगणार कोण? अशी झाडे एका कुटुंबाच्या वाट्याला अनेक असतात आणि गावात कुटुंबेही अनेक असतात.

तेंदूचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. विडीला पान हवे ते कोवळे, मऊ, मोठे आणि डाग नसलेले. अशी पाने जुन्या फांद्यांना येत नाहीत. झुडूप बुडापासून छाटले, की मुळातून नवे धुमारे फुटतात आणि त्यांना हवी तशी पाने येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी करावी आणि मे महिन्यात पाने तोडावी, ही रीत. आगीनेही झुडपाचा वरचा भाग मरतो आणि खालून धुमारे फुटतात. छाटणीला मजुरी लागते, काडीला लागत नाही. आग ठेकेदाराच्या माणसांनी लावली, असे गावकरी सांगतात. गावकऱ्यांनीच लावली, असे ठेकेदार सांगतात. दोघेही काही वेळा खरे बोलत असतात.

हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे अंधारात घरातली सगळी माणसे जंगलात शिरतात, दुपारपर्यंत पाने तोडतात. मग सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते संकलन केंद्रावर न्यायचे. मजुरी शंभर पुड्यांच्या हिशेबाने. या थोड्या दिवसांत हाती येणाऱ्या रोख पैशांवर खरिपाचे बियाणे, पोरांच्या शाळेचा खर्च, लग्नाची उधारी असे सगळे अवलंबून असते. वर्षातून एकदाच रोकड पाहणाऱ्या माणसाला 'पुढच्या पन्नास वर्षांच्या जंगलाचा विचार कर' असे सांगणे सोपे आहे, ऐकणे कठीण आहे.

चंद्रपूर, गडचिरोलीत अलीकडे याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. ते म्हणजे वाघाचे भय. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. वाकून पाने तोडणाऱ्या किंवा फुले वेचणाऱ्या माणसाला दाट झुडपातले काही दिसत नाही. झुडूप जाळले तर चार पावले पुढचे तरी दिसते. हे कारण कायद्याला मान्य होणार नाही, पण ज्याला रोज त्या झुडपात शिरायचे आहे त्याच्याशी या मुद्द्यावर वाद घालणे मला जमणार नाही.

आणि ही साखळी जंगलात संपत नाही. ती पाने पोत्यांत भरून कामठी, सिन्नर, सोलापूरच्या विडी कारखान्यांकडे आणि राज्याबाहेर जातात. सोलापुरात सुपात पाने घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई आणि गडचिरोलीत पुडे बांधणारी बाई यांची गाठ कधी पडत नाही. पण पान स्वस्त मिळाले पाहिजे, ही मधल्या व्यापाराची अट दोघींच्याही मजुरीतून आणि जंगलातूनही वसूल होते. वणव्याचे एक टोक असे बाजारपेठेत आहे.

सरकारी जंगल, गावाची आग

येथे थोडे इतिहासात जावे लागेल. जंगलातली आग हा गुन्हा आहे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन या वनाधिकाऱ्याने आगबंदीचे पहिले पद्धतशीर प्रयोग केले. रेल्वेला स्लीपर हवे होते आणि त्यासाठी सागवान जपायचे होते. तोवर गवतासाठी, शिकारीसाठी, फिरत्या शेतीसाठी जंगल जाळणे हा लोकांच्या व्यवहाराचा भाग होता. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वनकायद्याने राखीव जंगल सरकारचे झाले आणि जुनी रीत अपराध ठरली.

१९२७ चा कायदा आजही लागू आहे. त्यातली दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम ७९ म्हणते की, ज्याला जंगलात काही हक्क आहे किंवा तेथून काही नेण्याची परवानगी आहे, त्याने आगीची खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला धावले पाहिजे. ते बंधन आहे. कलम २६ म्हणते की, राखीव जंगलात जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार हवे तितके दिवस स्थगित करू शकते. म्हणजे एकाने आग लावायची आणि शिक्षा सगळ्या गावाला. आता गावकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. खबर द्यावी तर चौकशी आपल्याच गावाची होणार. विझवायला जावे तर 'तू तेथे काय करत होतास?' हा पहिला प्रश्न. घरी बसावे हेच शहाणपणाचे. शंभर वर्षे हेच शहाणपण गावांनी अंगी बाणवले असेल तर दोष सर्वस्वी त्यांचा कसा?

मालकी गेली की आगीचे काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला हिमालयात कुमाऊंमध्ये आहे. तेथे १९११ ते १९१७ या काळात इंग्रजांनी गावांच्या वापरातली जंगले राखीव केली. चीडच्या झाडापासून राळ आणि स्लीपर मिळत, म्हणून चीडची जंगले विशेष जपली गेली. १९२१ च्या उन्हाळ्यात ती जंगले ठिकठिकाणी पेटली, पेटवली गेली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या आंदोलनाचा अभ्यास करताना एक मार्मिक गोष्ट टिपली आहे. आगी लागल्या त्या सरकारला पैसा देणाऱ्या चीडच्या जंगलांना. गुरांना चारा आणि घराला सरपण देणारी बांजसारखी रुंद पानांची जंगले त्यातून वाचली. ती जंगलेसुद्धा सरकारच्याच ताब्यात होती, तरी त्यांना कोणी हात लावला नाही. आग लावणाऱ्याला आपले काय आणि परके काय हे नीट कळत होते, असा याचा अर्थ. सरकारलाही तो कळला असावा. चौकशी समिती नेमली गेली, राखीव जंगलाचा मोठा भाग पुन्हा लोकांना मोकळा झाला आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले.

त्याच कुमाऊंमध्ये २०१६ आणि २०२४ साली पुन्हा मोठे वणवे लागले. २०२४ मध्ये हवाई दलाची हेलिकॉप्टरे भीमतालचे पाणी उचलून डोंगरावर ओतत होती आणि वनकर्मचाऱ्यांना निवडणुकीच्या कामाला का जुंपले, असा जाब सर्वोच्च न्यायालय राज्य सरकारला विचारत होते. त्याच वर्षी जूनमध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच मरण पावले. आज तेथे दहा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत, पण त्यांच्या हातात पैसा आणि अधिकार थोडे, आणि डोंगरातली तरुण माणसे पोटासाठी मैदानात उतरलेली. गावात माणूसच नसेल तर आग विझवायला धावणार कोण? चीडच्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, त्या गोळा करून आणणाऱ्याला किलोमागे पन्नास रुपये देण्याची घोषणा सरकारने केली, ती आग पेटल्यानंतर. पाचोळा उचलायला माणसे लागतात आणि माणसांना मजुरी लागते, हे कळायला एवढा उशीर व्हावा ही गोष्ट फक्त उत्तराखंडापुरती नाही.

उपग्रहाला दिसते, पण...

याचा अर्थ सरकार हातावर हात ठेवून बसले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीचे ठिकाण शोधून वनखात्याला कळवते. आता ३७५ मीटरपर्यंत बारकाईने पाहणारी यंत्रणा आहे आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. या संस्थेच्या अहवालानुसार २०२३-२४ च्या हंगामात देशात २,०३,५४४ आगी उपग्रहांनी टिपल्या. त्यात उत्तराखंड २१,०३३ आगींसह पहिला, ओडिशा दुसरा आणि छत्तीसगड तिसरा. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याचे नाव या यादीत नेहमी वर असते आणि ते साहजिक आहे. जिल्ह्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास जंगल आहे, जाळायला तेथेच अधिक आहे.

पण संदेश आला म्हणजे आग विझली, असे नव्हे. उपग्रह दिवसातून काही ठरावीक वेळा वरून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली आग त्याला दिसतच नाही. दिसली तरी वनरक्षकाच्या हाताखाली शेकडो हेक्टरांचे जंगल, वाट पायी तुडवायची आणि सोबत दोन-चार हंगामी मजूर. पूर्वी हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवत. आता पाठीवरचे ब्लोअर आले आहेत, त्यांनी पाचोळा बाजूला उडवून वाट तोडता येते. हा चांगला बदल आहे. तरीही भर एप्रिलमध्ये, पारा ४५ अंशांकडे जात असताना, पेट्रोलवर चालणारे यंत्र पाठीला बांधून ज्वाळेच्या समोर उभे राहणारा माणूस बहुधा चार महिन्यांच्या नेमणुकीवरचा असतो. पावसाळा आला की त्याचे काम संपते. जंगल राखण्याची सगळ्यांत धोक्याची जबाबदारी आपण सगळ्यांत तात्पुरत्या माणसावर टाकली आहे. नागझिरात मेले ते असेच होते.

ज्यांचे जंगल, त्यांचा पहारा

मग गाव धावून जाते असे कोठे घडते काय? घडते, आणि ते आपल्याच राज्यात घडते. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंडांच्या छोट्या गावाचे नाव मराठी वाचकांना नवे नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा गेली काही दशके आपण ऐकत आलो. त्या घोषणेमागे ग्रामसभेच्या असंख्य बैठका आणि जंगलाची राखण होती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. त्या कायद्याने सामूहिक जंगलाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन हा गावाचा हक्क म्हणून मान्य केला. १९२७ च्या कायद्याने ज्याला बंधन म्हटले, त्याला २००६ च्या कायद्याने हक्क म्हटले. शब्दांतला हा फरक कागदावर लहान दिसतो, जंगलात मोठा ठरतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची. या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने बसून विचार केला आणि तेंदूपाने न तोडण्याचा निर्णय घेतला. कारण सरळ होते. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, जंगलाची नवी उगवण मरते. त्यापेक्षा बांबूवर भर द्यावा, तेंदूची फळे खावीत आणि विकावीत. माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आवर्जून लिहिले आहे. लक्षात घ्या, हा निर्णय कोणा अधिकाऱ्याच्या परिपत्रकाने झाला नाही. तो गरीब माणसांनी हातची रोख मिळकत सोडून घेतला. आणि तो त्यांना घेता आला, कारण बांबूचे पैसे त्यांच्याच गावात येणार होते. उद्याच्या जंगलाचा विचार करायला आजची भाकर निश्चित असावी लागते, आणि उद्याचे जंगल आपलेच राहील याची खात्रीही असावी लागते.

या दोन गावांवरून सगळीकडे आलबेल आहे, असे चित्र रंगवणे बरोबर नाही. पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या आधारे विदर्भातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. त्यातून गावांत पूर्वी कधी न पाहिलेला पैसा आला. २०१७ मध्ये भाव चढले, पुढच्याच वर्षी कोसळले. ज्या गावाचा सगळा हिशेब तेंदूवर बसला आहे, त्या गावाला आगीचा मोह ठेकेदाराइतकाच होऊ शकतो. ठेकेदाराच्या जागी ग्रामसभा आली आणि लिलावाची अट मात्र तीच राहिली, तर पाचोळ्याला काय फरक पडणार? मालकीने आग आपोआप विझत नाही. मालकीमुळे गाव एकत्र बसून 'आपण आग का लावतो?' असा प्रश्न स्वतःला विचारू शकते, एवढेच. पण हे 'एवढेच' थोडे नव्हे. सरकारी जंगलात हा प्रश्न गावाने विचारण्याची सोयच नव्हती.

दुसरी सावधगिरी आगबंदीच्या अतिरेकाची. एकही ज्वाळा दिसता कामा नये, हे उद्दिष्ट ठेवले तर वर्षानुवर्षे पाचोळा साचतो आणि मग लागणारी आग खरोखर भयंकर असते. साल आणि सागाच्या जंगलांत संपूर्ण आगबंदीने उगवण खुंटते की काय, हा वाद इंग्रजी अमलातल्या वनाधिकाऱ्यांतही रंगला होता, आणि हंगामाच्या सुरुवातीला, थंडीचा ओलावा असताना, थोडे थोडे जाळून टाकण्याची पद्धत त्यातूनच रुजली. जाळरेषा हे त्याचेच रूप. जुन्या जाणत्या माणसांना कोणता पट्टा केव्हा जाळावा आणि कोणता मुळीच जाळू नये, हे ठाऊक असते. त्या माहितीला गुन्ह्याच्या वहीत टाकण्याऐवजी कार्य आयोजनेत जागा दिली तर खात्याचे काम हलके होईल.

करता येण्याजोगे

उपाय फार मोठे नाहीत. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधली किंवा जागा झाडून घेतली तर काडीची गरज उरत नाही. त्या जाळीची किंमत एका हेलिकॉप्टरच्या फेरीपुढे नगण्य आहे. तेंदूच्या करारात, मग तो खात्याचा असो की ग्रामसभेचा, छाटणीची मजुरी वेगळी दाखवावी आणि ज्या युनिटात आग लागली नाही तेथे अधिक दर द्यावा. ग्रामसभांनी तेंदूच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा आगराखणीसाठी बाजूला काढावा. वन सर्वेक्षण संस्थेचे आगीचे संदेश कोणालाही नोंदणी करून विनामूल्य मिळू शकतात. गावातल्या चार तरुणांच्या मोबाइलवर ते आले, तर वनरक्षकाला मैलभर चालत येईपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. हक्क स्थगित करण्याच्या कलमाची भीती खबर देणाऱ्या गावाला राहणार नाही, असे खात्याने स्पष्ट जाहीर करावे. आणि आगीसमोर उभ्या राहणाऱ्या मजुराला चार महिन्यांचा पाहुणा न मानता बारमाही काम, विमा आणि अंगावर नीट पोशाख द्यावा. पावसाळ्यात त्याच्याच हातून रोपवन होऊ शकते, हिवाळ्यात जाळरेषा.

यातले काहीही अशक्य नाही. अडचण पैशाची कमी आणि विश्वासाची जास्त आहे. खात्याला गाव हे आगीचे कारण वाटते. गावाला खाते हे जंगल हिरावणारे वाटते. दोघांच्या मध्ये पाचोळा साचत राहतो.

पुढचा फेब्रुवारी येईल, पळस फुलेल, जाळरेषा साफ होतील. नागझिरात, मेळघाटात, भामरागडच्या डोंगरांत पुन्हा कोठे तरी धूर दिसेल. तेव्हा 'कोणी लावली?' हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याआधी त्या धुराकडे कोण कोण धावते आहे, हे पाहावे. खात्याचे दोन-चार मजूरच धावत असतील, तर ते जंगल अजून कोणाचेच झालेले नाही. गाव धावत असेल, तर मात्र काडी कोणाची होती हेही तेच गाव एक दिवस आपणहून सांगेल.